उशिराचे बटाटे

“नाताळात येतो,” एवढं धाकलूने मोठ्याने वाचलं आणि पुढचं तो मनातल्या मनात वाचू लागला, तेव्हाच गौराला कळलं की पुढे काहीतरी आहे. ती विळीवर बसली होती. खानावळीतली सकाळची पंगत उठून गेली होती, दुपारपाळीवाले अजून यायचे होते, आणि लालबागच्या त्या दोन खोल्यांत या वेळेला जी थोडी शांतता असे, तीत फक्त चुलीवर आमटी रटरटत होती. दसरा नुकताच होऊन गेला होता. दारावरच्या तोरणातला झेंडू अजून पुरता वाळला नव्हता.

“वाच की रं. गप का झालास?”

“लिवलंय,” धाकलू कागदावरून नजर न काढता म्हणाला, “लढाई संपली, आमची कंपनी हिंदुस्थानात परत येते आहे. पंधरा दिवसांची रजा मिळेल. मुंबईत थांबत नाही, सरळ गावी येतो. बाबा, तुम्ही लावलेले बटाटे खायचे आहेत.”

गौराच्या हातात बटाटाच होता. पोत्याच्या तळाशी राहिलेला, मऊ पडलेला, पांढरे कोंब फुटलेला. कोंब खुडायचे आणि उरलेला भाजीत ढकलायचा, असा तिचा रोजचा हात चालला होता. तो थांबला. चांगोला, तिच्या नवऱ्याला, जाऊन चौदा महिने झाले होते, आणि त्याचा मुलगा त्याला लिहीत होता की बटाटे खायचे आहेत.

हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. एका दिवसात झालं असतं तर तिने स्वतःला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. चांगो गेला तो मागच्या साली श्रावणात, गिरणीतून ताप घेऊन आला आणि सातव्या दिवशी दवाखान्यात संपला. तेराव्याच्या आदल्या दिवशी त्या मुलाचं, कान्हाचं, पत्र आलं. इटलीतून. तिथे तो लष्कराच्या मालगाड्या चालवत होता. त्याच्या पुढची गाडी सुरुंगावर जाऊन उडाली होती आणि तीत त्याचा मित्र होता. “बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलेले आहात ते मला ठाऊक आहे. पण एकदा तरी दोन ओळी जास्त लिहा.” चांगोची सगळी पत्रं धाकलूच लिहायचा, चांगोला अक्षर येत नव्हतं आणि धाकलू त्याच्याच गावचा, त्याच्याच खात्यात कामाला, तिच्याच खानावळीत जेवायला. चांगो सांगायचा त्या तीनच ओळी असत. पत्र मिळालं. खुशाल आहे. आपली तब्येत जपणे. त्या दिवशी धाकलूने कागद पुढे घेतला, टाक बुडवला आणि विचारलं, “वयनी, काय लिवू?” घरात सुतकाचा वास होता. ती भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांपुढे चांगो नव्हता, एक पोरगा होता, परमुलखात, मेलेल्या मित्राच्या गाडीमागे आपली गाडी उभी करून बसलेला. ती म्हणाली, “लिव, खुशाल हाय. आनि लिव, तुला रातीला पांघरून पुरतं का.” धाकलूने वर पाहिलं. “चांगोदादा आसं इचारायचा नाय.” ती म्हणाली, “लिव रं तू. पुडच्या पत्रात खरं कळवू.”

पुढच्या पत्रात कान्हाने चार पानं लिहिली होती. पांघरूण पुरतं. पायांना थंडी फार. बाबा, तुम्ही विचारलंत, मला फार बरं वाटलं. ते ऐकून तिला जे वाटलं ते तिने धाकलूला सांगितलं नाही. तिने फक्त म्हटलं, “ह्या खेपेला नको. पुडच्या खेपेला.” मग प्रत्येक वेळी पुढची खेप. अशी नऊ पत्रं गेली. दर पत्राबरोबर खरं सांगणं अवघड होत गेलं हे तर होतंच, पण त्याहून वाईट असं की तिला त्या पत्रांची गोडी लागली. दुपारी भांडी घासता घासता ती मनात ओळी जुळवायची. पोटात दुखतं असं लिहिलं होतंस, ते थांबलं का. गाडीखाली झोपू नकोस, ओल लागते. घरी ये, मी रागावलो नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या घरात ती पाट लावून आली होती, आणि चार वर्षांत त्या पोराला ती एवढंही विचारू शकली नव्हती. आता मेलेल्या माणसाच्या आडून विचारत होती आणि तो उत्तर देत होता. एकदा त्याने लिहिलं, बर्फात गाडी बंद पडली, एका म्हातारीने घरात घेतलं, चुलीच्या राखेत भाजलेले दोन बटाटे हातावर ठेवले. एवढे गोड बटाटे मी जन्मात खाल्ले नाहीत. गौराला त्या म्हातारीचा हेवा वाटला. कुठली कोण, तिने त्याच्या हातावर काहीतरी ठेवलं. आणि गौरा बोलून गेली, “लिव, लढाई संपली की मी गावी जातो, वड्याकाठच्या तुकड्यात बटाटे लावतो. तू ये नि पोटभर खा.” धाकलू हसला होता. “आपल्याकडं बटाटे कवा कोनी लावलेत, वयनी?”

आता तो हसत नव्हता. पत्राची घडी घालत म्हणाला, “आता तरी खरं लिवू या.”

“कुटं लिवणार? तो बोटीत आसंल.”

“बोटीतनं उतरल्यावर मिळंल की.”

ती विळीवर वाकली. पत्ता हे खरं कारण नव्हतं. तिला दिसत होतं की कान्हा कुठल्यातरी छावणीत उभा आहे, आजूबाजूला परके लोक बूट पुसताहेत, पत्ते खेळताहेत, आणि तो उभ्या उभ्या वाचतो आहे. वाचून झाल्यावर तो कागद खिशात घालतो आणि गाडीवर चढतो. त्याला तसं कळू नये. कोणीतरी समोर असावं. ती असली तरी चालेल. तिने हातातला बटाटा भाजीत टाकला नाही. कोंब तसेच ठेवून बाजूच्या सुपात ठेवला, मग पोत्यात हात घालून तसलाच दुसरा शोधू लागली. धाकलू तिच्याकडे बघत राहिला.

चार दिवसांत तिने खानावळ शेजारच्या अंबाबाईच्या हाती दिली. अंबाबाईचा हात तिखट. आठ दिवसांत अर्धे गडी दुसरीकडे जेवू लागतील आणि परत आल्यावर त्यांना गोळा करत बसावं लागेल, हे तिला दिसत होतं. तरी ती निघाली. डोक्यावर अर्धं पोतं कोंबांचे बटाटे आणि बगलेत गाठोडं घेऊन भिवपुरीला उतरली, तेव्हा भाताची कापणी सुरू झाली होती. स्टेशनापासून डोंगराकडे चालताना दोन्ही बाजूंना पेंढ्यांचा गोडसर वास येत होता, आणि समोर डोंगरावरून खाली उतरलेले पावरहाऊसचे लोखंडी नळ उन्हात चकाकत होते. त्या नळांचं पाणी चाकं फिरवून झाल्यावर खाली सोडून देत. म्हणून त्यांच्या गावचा ओढा उन्हाळ्यातही आटत नसे. त्याच ओढ्याच्या काठाला चांगोचा चार गुंठ्यांचा तुकडा होता. भाताची जमीन भाऊबंद कसत, पण या तुकड्याकडे कोणी बघत नसे, कारण तो उंचावर होता आणि त्यात दगड होते. घराला कुलूप. कुलपात मातीचं घर करून गांधीलमाशी राहिली होती. ती काढताना गौराला वाटलं, या घरात मी नवरी म्हणून आले तेव्हाही दार असंच जड होतं.

शेजारी कोंडाजी राहत होता. साठीचा, वाकडा, पावरहाऊसच्या क्वार्टर्समधल्या साहेबाच्या बंगल्यावर माळी. आख्ख्या गावात बटाट्याचं झाड ज्याने पाहिलं होतं असा तो एकटाच. त्याने सुपातले बटाटे एकेक उचलून पाहिले, कोंबांवरून अंगठा फिरवला.

“कवा काढायचे?”

“नाताळाला.”

“नाताळाला?” तो खाली बसला. “वयनी, घाटावरची लोकं आखाडात लावतात नि दसऱ्याला काढतात. नायतर दिवाळीला लावतात, ते माघात निगतात. तुमी मदीच कुटं आलात? दोन म्हयन्यांत काय व्हनार?”

“काय व्हईल?”

“गोट्या व्हतील. पोरांनी खेळायच्या.”

“चालतील,” गौरा म्हणाली.

कोंडाजीने तिच्याकडे नीट पाहिलं. त्यानेच तिला दाखवलं, बटाटा कसा कापायचा: प्रत्येक फोडीला दोन डोळे राहतील असा, मग कापलेल्या अंगाला राख चोळायची, दोन दिवस सावलीत ठेवायचं, जखम सुकू द्यायची. “वली जखम मातीत घातली की कुजते,” तो सहज म्हणाला. तिने दोन दिवस दगड वेचले. अकरा सऱ्या पाडल्या. साहेबाच्या बंगल्यावरचं कुजकं शेण कोंडाजीने दोन पाट्या आणून दिलं. लावणी झाली त्या दुपारी ती बांधावर बसली तेव्हा तिच्या दोन्ही हातांच्या कातड्यात माती अशी बसली होती की ओढ्यात घासूनही निघेना. लालबागेत तिचे हात पिठाचे असत, पीठ पाण्याने लगेच निघे. हे हात बघताना तिला माहेरच्या हातांची आठवण झाली. बारा वर्षांची असताना लग्न, तेराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, मग दहा-अकरा वर्षं भावाच्या शेतात. चोविसाव्या वर्षी चांगोने पाट लावून आणली. त्याने तिला सांगितलं होतं, घरात पोरगा हाय, त्याची आय गेलीय, शिजवून घालायचं. बस, तेवढंच बोलला होता. चांगो वाईट नव्हता. बोलण्याची त्याला सवय नव्हती, आणि बोलण्याच्या जागी कधी कधी त्याचा हात उठे.

पोरगा पहिल्या दिवशी याच बांधावर बसला होता. संध्याकाळपर्यंत उठला नाही. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यांत चिखल वाळलेला होता. तिला वाटलं होतं की जाऊन त्या टाचांना तेल लावावं, इतकं साधं काम, कुणीही करील. पण तिच्या पायांना बांधापर्यंत जाता आलं नाही. पुढे मुंबईला आले, खानावळीमागच्या एका खोलीत तिघं, तरी ते अंतर तेवढंच राहिलं. एकदाच, तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, तापात पडला होता. भर दुपारी झोपेत त्याने तिच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला. ती तशीच बसून राहिली. चूल विझली, गडी जेवायला येऊन उभे राहिले, तिने त्यांना खुणेने परत पाठवलं. तास-दीड तास. मग तो जागा झाला, मुठीकडे पाहिलं, आणि मूठ उघडली, हळूच, कुणाची वस्तू चुकून उचलली असावी तशी. तेव्हा तिला जे वाटलं होतं त्याला अपमान म्हणता आलं नसतं. चोरी सापडल्यासारखं वाटलं होतं, आणि चोर तीच होती. अठराव्या वर्षी त्याने चांगोने लावून दिलेली गिरणीतली नोकरी न सांगता सोडली. चांगोने त्याला चाळीच्या जिन्यात सगळ्यांदेखत मारलं. दुसऱ्या दिवशी तो भरतीला गेला. चांगो म्हणाला, माझ्या लेखी तो मेला. जिन्यात ती दाराआड उभी होती. मध्ये पडली नाही. आपण कोण मध्ये पडणार, असं वाटलं. ते वाटणं तिने नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं, आणि दर वेळी ते खोटं निघालं. ती घाबरली होती, एवढंच.

बाराव्या दिवशी पहिलं पान आलं. जाड, खरबरीत, काळपट हिरवं, मातीला खालून कुणी कोपर मारावं तसं ती उचलून वर आलेलं. मग रोज दोन-चार. कार्तिकी पुनवेपर्यंत अकराही सऱ्या भरल्या. ती सकाळी कळशीने पाणी घाले, दुपारी मातीची भर लावी, आणि भर लावता लावता बोले. आधी ते तिच्या लक्षात आलं नाही. “कान्हा, तुजे बाबा गेले.” नाही, एकदम असं नको. “कान्हा, बस. पानी पी. मग सांगते.” पाणी पी म्हटलं की माणूस ओळखतोच. “कान्हा, मी तुजी गुन्हेगार हाय.” हे तर नाटकातलं. वाक्य झालं की ती पुढच्या झाडापाशी सरके आणि तिथे दुसरं वाक्य बोलून बघे. सगळ्या सऱ्या संपल्या तरी बरं वाक्य सापडत नसे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या सरीपासून सुरुवात. मनात कुठेतरी असंही होतं की बटाटे चांगले आले तर सांगणं सोपं जाईल. का, ते तिला सांगता आलं नसतं. निदान एक गोष्ट खरी निघेल म्हणून असेल.

मार्गशीर्ष लागला आणि आभाळ भरून आलं. अवेळीचं. तीन दिवस ऊन नाही, बारीक भुरभुर, हवेत कोंदट ओल. चौथ्या दिवशी ती तुकड्यात गेली तर खालच्या सऱ्यांच्या पानांवर काळे डाग होते; पानं कडेने जळल्यासारखी, हात लावला की बोटाला काळं लागे. कोंडाजी आला, वाकला, आणि बराच वेळ उठलाच नाही.

“करपा,” तो म्हणाला. “डाग पडलेली समदी उपटा. लांब नेऊन पुरा. मागं ठेवाल तर बाकीची बी जातील.”

“समदी?”

“समदी, वयनी. आता दया नाय करायची.”

तिने सहा सऱ्या उपटल्या. मुळांना हरभऱ्याएवढे दाणे लागलेले होते, पांढरे, ओले. एकेक झाड उपटताना तिला आतून कोणीतरी विचारत होतं, सांग, कुणाच्या वतीने लावलं होतंस? त्याच्या नावाने पत्रं लिहिलीस, त्याच्या नावाने पीक घेतेस. तुझं म्हणून यात काय आहे? खड्डा खणून तिने तो हिरवा ढीग पुरला आणि वर पाय देऊन माती दाबली. दाबताना रडू आलं. चांगो गेला तेव्हा आलं होतं ते वेगळं, ते बायकांच्या घोळक्यात, रिवाजाने आलं होतं. हे उघड्या शेतात, दुपारच्या वेळी, पायाखाली बटाट्याचा पाला. मग तिने उरलेल्या पाच सऱ्यांवर राख टाकली, आणि ऊन पडलं, आणि त्या पाच राहिल्या.

कान्हा नाताळाच्या दिवशी दुपारच्या गाडीने येईल असा तिचा हिशेब होता. सकाळी लवकर घर सारवायचं, त्याला ओढ्याकडे न नेता आधी घरात बसवायचं, सांगायचं, मग जे होईल ते. तो दोन दिवस आधीच आला. ती कळशी घेऊन ओढ्यातून वर चढत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि वर बांधावर खाकी कपड्यांतला एक रुंद माणूस उभा होता. खांद्यावरची थैली त्याने खाली ठेवली. तो बटाट्यांच्या सऱ्यांकडे बघत होता आणि हसत होता. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू तिने कधी पाहिलंच नव्हतं. चांगोचीही चेहरेपट्टी हीच होती, पण चांगो तसा हसला असता तर कसा दिसला असता, ते तिला आज कळत होतं.

“खरंच लावले!” तो म्हणाला. “बाबा कुटं हायत?”

आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांकडे नाही, त्याच्या थोडं वर. दोन महिने ती वाक्यं जुळवत होती; प्रत्येक झाडापाशी एकेक वाक्य बोलून पाहिलं होतं. आपलं कपाळ मोकळं आहे आणि ते सगळ्यांच्या आधी बोलेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. कळशी कमरेवर होती. पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं, आणि कळशी ती खाली ठेवू शकत नव्हती.

“कवा?” कान्हाने विचारलं.

“मागच्या साली. सरावनात.”

त्याचे ओठ हलत होते. तो महिने मोजत होता हे तिला दिसत होतं. “सरावनात,” तो म्हणाला. “मग ती पत्रं?”

“मी सांगायची. धाकलू लिवायचा.”

“समदी?”

“सरावनानंतरची समदी.”

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो एक पाऊल मागे सरला, सरीत पाय पडू नये एवढं भान ठेवून, आणि वळून ओढ्याच्या काठाने वरच्या अंगाला चालू लागला. थैली बांधावरच राहिली. गौरा तिच्याशेजारी बसली. तिने थैली उचलून घरी नेली नाही. आपण हात लावावा असं तिला वाटेना. ऊन डोक्यावर आलं. तिने विचार केला, तो गाडी पकडून जाईल, आणि ही थैली पोचवायला मला छावणीचा पत्ता शोधावा लागेल. मग विचार केला, जाऊ दे त्याला, त्याचा हक्क आहे. मग नुसतंच बसणं उरलं. दुपार कलताना कोंडाजी बंगल्यावरून परतला. बांधाशी थांबून म्हणाला, “तुमचा पोरगा पावरहाऊसच्या पान्याशी बसलाय. रडतोय म्हनावं तर रडत नाय. मी तंबाकू दिली. घेतली.” एवढं सांगून तो गेला. तंबाखू घेतली, हे गौराने पुन्हा पुन्हा मनात घोळवलं.

ऊन पिवळं झालं तेव्हा तो आला. तिच्यापासून चार हातांवर बांधावर बसला आणि समोर बघत बोलू लागला. “ती पत्रं मी पोरांना वाचून दावायचो. बग म्हनायचो, माजा बाप बगा. कोनाचा बाप आसं लिवत नव्हता.” मग थांबून, “पांघरनाचं कोनी इचारलं?”

“मी.”

“गाडीखाली निजू नको?”

“मीच.”

“घरी ये, मी रागावलो नाय.” तो तिच्याकडे वळला. “ते तरी बाबांचं व्हतं? तुमाला सांगून गेले व्हते का?”

हो म्हणायला किती सोपं होतं. तो त्या एका शब्दावर आयुष्य काढील हे तिला दिसत होतं. आणि इतके महिने खोटं लिहिलं, आणखी एक शब्द काय जड होता? तिने तोंड उघडलंही. पण तो पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघत होता, तिचा म्हणून एक शब्द मागत होता, आणि तिथे तिला चांगोचा शब्द ठेवता येईना.

“नाय,” ती म्हणाली. “ते बी माजंच. त्याने कायच सांगितलं नाय. ताप डोक्यात गेला व्हता.”

“म्हंजे माजा बाप तसा कदी झालाच नाय.”

“नाय झाला.” मग तिला जे ठाऊक होतं तेवढंच तिने सांगितलं. “पन दवाखान्यात तो दाराकडं तोंड करून निजायचा. सात दिस त्याच कुशीवर. कूस सोलवटली. नर्सबाय वळवायला आली की हात झिडकारायचा. का, ते मला ठाऊक नाय, कान्हा. मी इचारलं, तो बोलला नाय.”

कान्हाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. चार हातांचं अंतर होतं. बांध अरुंद होता, बसल्या बसल्या सरकणं अवघड, पण ती सरकली. त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाताची माती त्याच्या खाकी सदऱ्याला लागली. तो तसाच रडत राहिला, आणि हात तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर तो घरात नव्हता. धावत ओढ्यावर गेली तर तो पहिल्या सरीत बसला होता, कुदळ बाजूला टाकून, नुसत्या हातांनी माती उकरत. कोंडाजी वरून सूचना देत होता आणि तो ऐकत नव्हता. पाच सऱ्यांतून जे निघालं ते एका सुपात मावलं. गोट्या म्हणाव्या असेच पुष्कळ, थोडे लिंबाएवढे, दोन-तीन मुठीएवढे. साल इतकी पातळ की अंगठा फिरवला तर निघावी. कोंडाजीने मोठ्यांतला एक उचलून उन्हात धरला. “साहेबाच्या बंगल्यात बी ह्या वक्ताला निगत नायत,” तो म्हणाला. ते खोटं असावं, पण कोणी त्याला खोडलं नाही. कान्हाने मूठभर त्याच्या उपरण्यात घातले, बळेच.

तिने ते सालीसकट उकडले. घरात मातीचा आणि वाफेचा वास भरला. कान्हा चुलीसमोर पाटावर बसला होता, कुडत्याच्या बाह्या वर सारून. मार्चात फौजेतून सुटका झाली की क्वार्टर्समध्ये ड्रायव्हर घेतात का ते कोंडाजी विचारून ठेवणार होता, असं काहीतरी तो सांगत होता, आणि ती अर्धवट ऐकत होती. तिने थाळा त्याच्यापुढे ठेवला. त्याने एक बटाटा फोडला, फुंकर घातली, तोंडात टाकला. ती त्याच्या जबड्याकडे बघत राहिली. खानावळीत तिने हजारो पानं वाढली होती, आणि कुणी काय म्हणतो याची धास्ती तिला कधी वाटली नव्हती.

“मीठ कमी हाय,” तो म्हणाला. “टाकलंस का नाय?”

चार वर्षं त्याने तिच्या हातचं खाल्लं होतं, आणि परक्याच्या घरी बसावं तसं मुकाट. कधी अळणी झालं, कधी करपलं, तो पानातलं संपवून उठे. गौरा सवयीने उठायला गेली. गुडघ्यावर हात ठेवला, अर्धी उठली, आणि परत खाली बसली.

“घे की उटून,” ती म्हणाली. “हात मोडलेत काय तुजे? तिथं फळीवर हाय.”

तो उठला. फळीवर चार बरण्या होत्या, चारही सारख्या, धुरकटलेल्या. तो एकेकीचं झाकण काढून आत बघू लागला.

“कंच्या बरनीत गं?”

“डाव्या हाताला,” ती म्हणाली. “नाय, ती नाय. तिच्या मागं बग.”